आईनं आयुष्यात बिडीला हात लावला नाही, मग फुफ्फुसाचा कॅन्सर तिलाच का?

ताई, नमस्कार. मी ३८ वर्षांची, भोसरीत राहते, माहेर कोरेगाव तालुक्यातलं एक खेडं. दोन महिन्यांपूर्वी आईला (वय ६१) फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. ॲडेनोकार्सिनोमा म्हणाले, ईजीएफआर पॉझिटिव्ह आहे म्हणून रोजची गोळी सुरू झालीये, खोकला बराच कमी आहे. पण त्याआधी पाच महिने तिला टीबीची औषधं चालू होती, नुसता एक्स-रे बघून दिलेली. आईनं कधी बिडी-सिगारेट ओढली नाही, मशेरी मात्र लावायची. लग्न झाल्यापासून चुलीवर स्वयंपाक, गॅस २०१७ ला आला पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच, आता ते वहिनी करते. बाबा (वय ६६) चोविसाव्या वर्षापासून बिडी ओढतात, रोज पंधरा तरी, घरातच सोप्यात बसून, आणि अजून ओढतात. मी त्यांच्याशी दोन महिने बोललेली नाही. गावात बायका कुजबुजतात की लपून ओढत असणार. आई मला विचारते, माझं काय चुकलं गं? माझे मिस्टर फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतात, दिवसाला चार-पाच सिगारेटी, गॅलरीत जाऊन. भाऊ गोठ्याचे जुने सिमेंटचे पत्रे काढतोय, त्यानं पण कॅन्सर होतो असं ऐकलं. नणंद न्यू जर्सीत असते ती रेडॉन म्हणून काहीतरी सांगते. एका लॅबचं कॅन्सर पॅकेज आहे, ते मी करून घेऊ का? मला पण होणार का हे? आणि दोष नक्की कोणाचा?

सुनंदा (खरं नाव इथे नको म्हणून हे मीच दिलंय), तू मला ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगं-तुगं करते.

आधी गावातल्या कुजबुजीचं बघू, कारण मला वाटतं तुझ्या आईला गोळीच्या त्रासापेक्षा तेच जास्त टोचत असणार. तिच्यावर विश्वास ठेव. मी बावीस वर्षं छातीच्या ओपीडीत काढली, आणि फुफ्फुसाचा कॅन्सर घेऊन आलेल्या बायकांमध्ये बहुतेक जणी अशाच होत्या, आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्या, पदराला चुलीच्या धुराचा वास असलेल्या, आणि त्यातल्या किती जणींना सासरच्या कोणीतरी बाजूला घेऊन विचारलेलं असायचं की खरं सांग, ओढायचीस का. ॲडेनोकार्सिनोमा हा प्रकार न ओढणाऱ्यांमध्ये आणि बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि ईजीएफआर नावाच्या जीनमधला तो बदल तर आशियातल्या न ओढणाऱ्या बायकांमध्ये खूपच सापडतो. म्हणजे आईचा रिपोर्ट बऱ्यापैकी तिच्याच बाजूनं बोलतोय, पुढच्या वेळी कोणी कुजबुजलं तर एवढं सांगून टाक.

मशेरीचं पण लगेच सांगते, कारण ती तिच्या मनात असणारच. मशेरीनं तोंडाचा कॅन्सर होतो, अन्ननलिकेचा होतो, स्वादुपिंडाचा होतो, म्हणून ती बंद व्हायलाच पाहिजे, वहिनीची पण असेल तर वहिनीची पण. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत मशेरी धरत नाहीत. तिनं दात घासले म्हणून छातीत गाठ आली असं तिला वाटत असेल तर ते ओझं तिच्या डोक्यावरून उतरव.

मग आलं कुठून हे. बिडी-सिगारेट हे फुफ्फुसाच्या कॅन्सरचं जगभरातलं एक नंबरचं कारण आहे, ओढणाऱ्याला हा आजार व्हायची शक्यता न ओढणाऱ्यापेक्षा पंधरा ते तीस पट जास्त असते असे अमेरिकेतले आकडे आहेत. हे आपल्याला आज इतकं साधं वाटतं पण १९५० पर्यंत फारशी कोणाला खात्री नव्हती. त्या साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या हॉस्पिटलांतल्या पेशंटना बसून बसून विचारलं, काय काम करता, कुठे राहता, काय ओढता, आणि डॉल यांना सुरुवातीला संशय होता तो रस्त्यावरच्या डांबराचा आणि गाड्यांच्या धुराचा. ते स्वतः ओढायचे. आकडे दिसायला लागले तशी त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. हे लक्षात ठेव, पुढे बाबांच्या वेळी परत येणार आहे ते.

आणि बिडी म्हणजे पानातली, साधी, गावठी, सिगारेटपेक्षा बरी असं जे आपल्याकडे म्हणतात ते चूक आहे. बिडीत तंबाखू कमी असते हे खरं, पण तेंदूचं पान नीट जळत नाही, विझू नये म्हणून सारखे आणि जोरात झुरके मारावे लागतात, त्यामुळे डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच किंवा त्याहून जास्तच छातीत जातं.

पण ओढत होते बाबा, झालं आईला, हा तुझा खरा प्रश्न. दुसऱ्याच्या धुराचा पहिला मोठा हिशेब जपानमध्ये झाला. ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० न ओढणाऱ्या बायकांची १४ वर्षांची नोंद ठेवली आणि १९८१ साली छापलं की ज्यांचे नवरे भरपूर ओढायचे त्या बायकांना फुफ्फुसाचा कॅन्सर न ओढणाऱ्यांच्या बायकांपेक्षा जवळपास दुप्पट झाला. सिगारेट कंपन्यांनी त्यांच्यावर खूप टीका करवली, पण नंतर देशोदेशीचे अभ्यास येत गेले आणि ते एकत्र करून आज जो आकडा धरतात तो असा की घरात किंवा कामाच्या जागी दुसऱ्याचा धूर घेणाऱ्याला धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. आता हा आकडा नीट समजून घे बाई, कारण याच्यावरून घरात भांडणं होतात. ३० टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या तीस बायकांना होतो असं नाही. समजा दहा हजारात दहा जणींना तसाही होणार होता तर तिथे तेरा जणींना होतो. त्या जादाच्या तीन जणी कोण हे कुठल्याही डॉक्टरला, कुठल्याही तपासणीतून सांगता येत नाही.

आता चूल. मला चुलीबद्दल जरा जास्त बोलायचंय कारण आपल्याकडे तिच्याबद्दल प्रेमानंच बोलतात, चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण, हायवेला बोर्ड लावलेले असतात. आईनं साधारण चाळीस वर्षं रोज दोन वेळा त्या धुरात तोंड घालून फुंकणी फुंकली, काटक्या ओल्या, शेणी ओल्या, पावसाळ्यात तर घरात समोरचं दिसायचं नाही. चीनमध्ये युन्नान प्रांतात शुआनवेई म्हणून भाग आहे, तिथल्या बायका जवळजवळ ओढतच नाहीत आणि तरी तिथल्या बायकांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण चीनमध्ये सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी. कारण सापडलं ते घरात, खड्ड्यातली उघडी शेगडी, तिच्यात धूर ओकणारा तिथला दगडी कोळसा, आणि धूर बाहेर जायला धुराडंच नाही. ज्या घरांनी धुराडं असलेली चूल बसवली त्यांच्यात धोका ४० टक्क्यांहून जास्त कमी झाला, पण तो फरक स्पष्ट दिसायला दहाएक वर्षं लागली. एक नुसतं धुराडं गं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे फ्रान्समध्ये, तिनं २०१० साली घरातल्या कोळशाच्या धुराला पक्कं कारण म्हणून आणि लाकूड-शेणाच्या धुराला बहुतेक कारण असावं अशा गटात टाकलं, म्हणजे आईच्या चुलीचा पुरावा कोळशाइतका पक्का नाही पण दुर्लक्ष करण्यासारखा पण नाही.

धूर नेमकं करतो काय, यावर २०२३ साली एक फार महत्त्वाचं काम आलं, लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या टीमचं, आणि ते नेमकं तुझ्या आईला झालाय तसल्या, ईजीएफआरवाल्या कॅन्सरवर आहे म्हणून सांगते. वय वाढतं तसे फुफ्फुसातल्या काही पेशींमध्ये असे बदल आपोआप होऊन बसतात, चांगल्या निरोगी माणसाच्या फुफ्फुसात सुद्धा ते सापडले, आणि त्या पेशी तशाच गप पडून राहतात. हवेतले पीएम २.५ नावाचे बारीक कण आत गेले की तिथे सूज येते आणि त्या सुजेनं या गप पडलेल्या पेशी जाग्या होतात. तू शेतकऱ्याची लेक आहेस, तुला असं सांगितलं तर पटेल: बी आधीच जमिनीत होतं, धूर हा त्याला मिळालेला पाऊस. त्यांनी हे बाहेरच्या प्रदूषणाबद्दल आणि उंदरांवर दाखवलं, पण पीएम २.५ चुलीतूनही निघतं, बिडीतूनही निघतं आणि भोसरीच्या सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकमधूनही निघतं. (डिझेलचा धूर २०१२ साली आणि बाहेरची प्रदूषित हवा २०१३ साली पक्क्या कारणांच्या गटात गेली, वर सांगितलेल्या त्याच संस्थेनं टाकली.)

आणखी एक गोष्ट म्हणजे ही कारणं एकमेकांशी नेहमी बेरीज करत नाहीत, कधी कधी गुणाकार करतात. याचं सगळ्यात ठळक उदाहरण ॲस्बेस्टॉसचं आहे (जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत असतं ते बारीक तंतूंचं खनिज), अमेरिकेत १९७९ साली कामगारांचा हिशेब आला त्यात ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणारा पण न ओढणारा माणूस साधारण पाचपट धोक्यात, नुसता ओढणारा साधारण अकरापट, आणि दोन्ही करणारा पन्नास पटीच्या वर. म्हणून घरातला एक धूर काढला की नुसता तेवढाच धोका जात नाही, त्याच्याबरोबर जोडीनं काम करणारा पण लंगडा पडतो.

आता दोषाचं बोलते. चूल किती टक्के, बिडी किती टक्के, वय किती, नशीब किती, अशी वाटणी एका माणसाच्या बाबतीत करताच येत नाही, आणि मी ते टाळायला म्हणून म्हणत नाहीये, खरंच तसं शास्त्र नाहीये. बाबांच्या धुरानं आईचा धोका वाढला, हे खरं आहे, मी ते पातळ करून सांगणार नाही. पण बाबांनी आईला कॅन्सर दिला असं वाक्य तुला कोणीच लिहून देऊ शकत नाही. आणि तू आत्ता दोन महिने त्या वाक्यावर उभी राहून त्यांच्याशी अबोला धरलायस.

तर बाबांकडे जरा माझ्या नजरेनं बघ. आमच्याकडे पेशंट आला की केसपेपरवर स्मोकिंग इंडेक्स लिहितात, रोजच्या बिड्या गुणिले किती वर्षं. पंधरा गुणिले बेचाळीस, म्हणजे ६३०. तीनशेच्या वर गेला की आम्ही त्याला हेवी स्मोकर म्हणतो. तू मला विचारलंस की मी पॅकेज करून घेऊ का, पण तुझ्या घरात ज्याची छाती तपासायची खरी गरज आहे तो माणूस सोप्यात एकटा बसलाय. अमेरिकेत २०११ साली ५३ हजारांहून जास्त ओढणाऱ्या लोकांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की दरवर्षी कमी रेडिएशनचा सीटी केल्यानं फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, साध्या एक्स-रेनं असा फायदा होत नाही. तिथे आज ५० ते ८० वयाच्या, वीस वर्षं रोज एक पाकीट किंवा तितकाच हिशेब भरेल इतकं ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या पंधरा वर्षांत सोडलेल्या लोकांना हा स्कॅन सुचवतात. बाबा त्यात बसतात. आपल्याकडे असा सरकारी कार्यक्रम नाही, आणि आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग इतक्या जणांच्या छातीत असतात की स्कॅनमध्ये काहीतरी दिसून उगाच घबराट होते, म्हणून लॅबमध्ये परस्पर जाऊन करू नका, छातीच्या डॉक्टरला दाखवून, बोलून मग करा. त्यांना खोकला तीन आठवड्यांच्या वर असेल, बेडक्यात रक्त असेल, आवाज बसलेला असेल, वजन उतरलं असेल, एका खांद्यात दुखत असेल तर मग वाट बघायचीच नाही. मला तर वाटतं ही माणसं बायकोच्या आजारपणात स्वतःचा खोकला सांगतच नाहीत.

आणि बिडी सोडवायची. ६६ व्या वर्षी काय उपयोग असं भाऊ म्हणेल, बाबा पण म्हणतील. डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा करून २००४ साली जे छापलं त्यात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना पण साधारण तीन वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं, पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, तिशीत दहा. बाबा साठीच्या पुढे गेलेत हे खरं, पण फायदा त्यानंतर पण होतोच, आणि त्यांच्यासाठी तो आकडा कदाचित महत्त्वाचा नसेलही, आईसमोर बसून धूर सोडायचा नाही एवढं त्यांना पुरेल. फक्त त्यांना “तुमच्यामुळे झालं” असं म्हणू नकोस. ते दोन महिने स्वतःला तेच म्हणत असणार आणि त्या विचारानं माणूस जास्तच ओढतो, हे मी किती वेळा बघितलंय. त्यांना म्हण की चला, तुमची पण छाती दाखवून घेऊ, मला दोघं पाहिजेत. बंडलावर नंबर छापलेला असतो १८००-११-२३५६, फुकट आहे, तिथे सोडायला मदत करतात. निकोटीनचा च्युइंगगम मिळतो पण तो विड्यासारखा सतत चघळायचा नसतो, थोडा चावून गालात धरून ठेवायचा, आणि हार्ट किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. अजून एक, हे कोणी लिहीत नाही पण गावाकडे नेहमी ऐकते, की बिडीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. सोडल्यावर काही दिवस खरंच बद्धकोष्ठ होतं, त्यांचा तो बहाणा नसतो, म्हणून रात्री इसबगोल, सकाळी गरम पाणी, हे आधीच ठरवून ठेवा नाहीतर चौथ्या दिवशी तेवढ्या एका कारणानं बंडल परत येतं.

वहिनी. तिचं नाव तुझ्या पत्रात एका ओळीत येऊन गेलं, पण आईच्या जागी आता तीच बसलीये. भाकरी गॅसवर करा, चव थोडी वेगळी लागेल. अंघोळीचं पाणी अंगणात तापवा, आणि घरातच चूल ठेवायची असेल तर वर धुराडं काढून घ्या, गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा टाकतात ते आजपासून बंद. आणि फुंकणी फुंकताना लेकरू मांडीवर नको.

आता तू. तुला होणार का, तर आई किंवा बाप किंवा भावंडाला झाला असेल तर धोका साधारण दीड ते दोन पट धरतात, पण ३८ वर्षांच्या, न ओढणाऱ्या बाईचा मुळातला धोका फार लहान असतो आणि लहान गोष्टीची दुप्पट पण लहानच राहते. शिवाय ईजीएफआरचा तो बदल बहुतेक सगळ्या पेशंटमध्ये जन्मानं आलेला नसतो, त्या गाठीतच नंतर झालेला असतो, आईकडून तुला आणि तुझ्याकडून मुलांना तो जात नाही. आणि ‘घराण्यात आहे’ असं आपण म्हणतो त्यातलं बरंचसं एका छपराखाली घेतलेल्या धुराचं पण असतं, तू लहानपणी त्याच सोप्यात अभ्यास करत होतीस ना. त्यामुळे तुझ्यासाठी पॅकेज नको. त्या पॅकेजमध्ये सीईए वगैरे रक्ताचे मार्कर असतात, त्यानं फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर सापडत नाही, नॉर्मल आला तर खोटा धीर आणि थोडा वाढलेला आला तर पुढे चार महिने झोप नाही. न ओढणाऱ्या तरुण बाईनं दरवर्षी सीटी करावा असं कुठलीच मोठी संस्था सांगत नाही. ते पैसे आईच्या गोळीला ठेव.

मिस्टरांचं मात्र मला पॅकेजपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. वेल्डिंगचा धूर २०१७ साली पक्क्या कारणांच्या गटात गेलाय, स्टेनलेस स्टीलचं काम असेल तर त्यात क्रोमियम आणि निकेल पण असतं, आणि वर सिगारेट, म्हणजे बघ, पुन्हा तेच जोडीनं काम करणं. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, धूर रुमालातून आरपार जातो. वेल्डिंग जिथे होतं तिथेच, नाकाच्या खाली, धूर ओढून घेणारा एक्झॉस्ट पाहिजे आणि धातूच्या धुरासाठी चालणारा घट्ट बसणारा मास्क पाहिजे. फॅक्टरी ॲक्ट १९४८ मध्ये धूळ आणि धूर बाहेर काढायची जबाबदारी मालकाची आहे असं स्पष्ट लिहिलंय, वर्कशॉप त्या कायद्यात बसत असेल तर ही काही मेहेरबानी नाही. लहान वर्कशॉप असेल तर निदान शटर उघडं, पंखा अशा बाजूला की धूर तोंडाकडे न येता बाहेर जाईल, आणि डोकं ज्वाळेच्या बरोबर वर धरायचं नाही. आणि सिगारेट चार-पाचच आहेत म्हणून थोडं चालतं असं नाही, किती वर्षं ओढली याला एका दिवसात किती यापेक्षा जास्त वजन असतं. ते चाळिशीत असतील तर वर लिहिलेला नऊ वर्षांचा आकडा त्यांना दाखव.

पत्र्यांचं झटकन सांगते. सिमेंटचे जुने पत्रे म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉस असतं. शाबूत पत्रा छपरावर आहे तोवर फार भीती नाही, धोका असतो तो तोडताना, कापताना, ड्रिल मारताना उडणाऱ्या धुळीत, आणि त्याचा परिणाम वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतो म्हणून कोणाला तो त्या दिवशी कळत नाही. भावाला सांग, पत्रे आधी पाण्यानं ओले करा, बोल्ट काढून अख्खे उतरवा, ग्राइंडर लावू नका, मुलांना लांब ठेवा, आणि झाडून नको, ओल्या फडक्यानं पुसा. तुकडे अंगणात भरावाला टाकायचे नाहीत. रेडॉनचं तुझ्या नणंदेचं बरोबर आहे, पण ते तिच्या घरासाठी जास्त, खडकातल्या युरेनियममधून निघणारा गॅस आहे, थंडीमुळे बंद ठेवलेल्या घरात आणि तळघरात साठतो, अमेरिकेत सिगारेटच्या खालोखाल तेच कारण धरतात, तिनं टेस्ट किट आणून बघावं आणि लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या (रेडॉन मोजायचं माप) वर आला तर दुरुस्ती करून घ्यावी.

टीबीच्या पाच महिन्यांबद्दल. तू लिहिलं नाहीस पण ओळींच्या मधे दिसतंय की तू स्वतःला पण दोष देतेस, लवकर पुण्याला का नाही आणलं म्हणून. एक्स-रेवर टीबी आणि कॅन्सर खूपदा सारखे दिसतात आणि आपल्याकडे टीबी इतका आहे की पहिला विचार तोच येतो. पण बेडका तपासून जंतू सापडलेले नसताना औषध सुरू केलं आणि महिना-दोन महिन्यांत फरक नाही, तर तिथे थांबून सीटी आणि बायोप्सीचा विचार व्हायला पाहिजे होता, ते डॉक्टरचं काम होतं, लेकीचं नाही. हे तुझ्या ओळखीत अजून कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितेय, टीबीची गोळी चालू असलेल्या माणसाचं वजन उतरतच राहिलं तर विचारायचं, बेडक्याचा रिपोर्ट कुठे आहे, सीबी-नॅट (बेडक्यात टीबीचा जंतू आहे का ते मशीनवर बघायची तपासणी) केलं का. ज्यांना खरंच टीबी होऊन गेलाय त्यांच्यात पुढे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून त्यांनी पण नवा खोकला जुन्या डागावर ढकलू नये.

आईच्या खाण्यात आता लोक काढे, पावडरी, व्हिटॅमिनच्या कॅप्सूल घुसवतील. फिनलंडमध्ये ओढणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या, कॅन्सर टळेल म्हणून, आणि १९९४ साली निकाल आला की फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्तच झाला. गाजर खाऊ दे, गोळी नको. आणि आईची जी रोजची कॅन्सरची गोळी आहे त्या गटातल्या काही गोळ्यांचं ॲसिडिटीच्या औषधासोबत पटत नाही, अंगात नीट जिरत नाहीत, त्यामुळे साधी ॲसिडिटीची गोळी पण तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

राहिला तिचा प्रश्न, माझं काय चुकलं गं. मी एवढे आकडे लिहिले ते तुझ्यासाठी आहेत, तिला यातला एकही सांगू नकोस. तिला म्हण की तुझं काही चुकलं नाही, तू चूल पेटवलीस म्हणून आम्ही शाळेत डबा नेला. हे म्हणायला जाशील तेव्हा बाबांना बाहेर सोप्यात बसू देऊ नकोस, आत आईच्या कॉटशेजारी बसव. पुढच्या अपॉइंटमेंटला त्यांना पण गाडीत घे, त्यांचा केसपेपर त्याच दिवशी काढ. तीन महिन्यांचा स्कॅन झाला की मला दोघांचं कळव.